काळ्याचा आवाज

वाईत कृष्णेच्या घाटापासून बाजाराकडे चढत जाणाऱ्या एका अरुंद गल्लीत अप्पा राहायचे. टेलिफोन खात्यात लाइनमन म्हणून आयुष्य गेलं, आता निवृत्ती. पहाटे काठी घेऊन घाटावर जायचं, नदीला हात जोडायचे आणि उजाडताना परत यायचं, हा त्यांचा नेम. थंडीतल्या एका पहाटे घाटाच्या तोंडाशी तीन-चार कुत्री भुंकत अंगावर आली. अप्पांनी काठी उगारली, मागे सरताना पाय घसरला आणि कोपर सोलवटलं. चावलं कुणीच नाही, पण मनात धास्ती बसली. पुढे कितीतरी दिवस ते ओट्याच्या खाली उतरले नाहीत.

पुण्याच्या मुलाला हे त्याच्या आईकडून, माईंकडून कळलं. त्याने कुरिअरने एक यंत्र पाठवून दिलं. तळहातात मावेल एवढं, पुढे जाळी, वर एक बटण आणि बटणाशेजारी बारीक लाल दिवा. बटण दाबलं की माणसाला ऐकू न येणारा आवाज निघतो, कुत्र्याला तो सहन होत नाही आणि ते लांब पळतं. कुत्र्याच्या वाईट सवयी मोडायलाही यंत्र वापरता येतं, असं खोक्यावर छापलेलं होतं. अप्पांनी ते कानाजवळ धरून दाबलं. काहीच ऐकू आलं नाही. माईंनाही नाही. लेकीची मुलगी तिथेच खेळत होती, तिला फक्त बटणाची टिक् ऐकू आली. पण समोरच्या भिंतीवर ऊन खात बसलेलं मांजर ताडकन उठलं आणि पलीकडे दिसेनासं झालं.

“चालतंय की!” अप्पा म्हणाले.

चालत होतंच. माणसाचा कान तरुणपणी फार तर 20,000 हर्ट्झपर्यंत ऐकतो आणि वय वाढेल तशी ही वरची हद्द खाली उतरत जाते. कुत्र्याला साधारण 45,000 हर्ट्झपर्यंतचं ऐकू येतं, मांजराला त्याच्याही वरचं. हातात धरायची ही यंत्रं बहुधा 20 ते 25 हजारांच्या आसपास बोलतात, म्हणजे आपली हद्द संपते तिथून पुढे. कल्पनाही आजची नाही. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये फ्रान्सिस गाल्टन याने अशी बारीक शिट्टी बनवून काठीच्या टोकाला बसवली होती. ती काठी घेऊन तो लंडनच्या प्राणिसंग्रहालयात जायचा, जनावराच्या कानाजवळ टोक न्यायचा, जनावर काठीला सरावेपर्यंत थांबायचा आणि मगच शिट्टी वाजवायचा. वाजवल्यावर तो फक्त जनावराच्या कानांकडे बघायचा. कान टवकारले तर ऐकू आलं, नाहीतर नाही. त्याचं 1883 साली आलेलं पुस्तक ही हकिगत सांगतं. मला या गृहस्थाच्या इतर पुष्कळ मतांबद्दल आदर नाही, पण शिट्टी वाजवून झाल्यावर समोरच्याकडे बघत राहण्याची त्याची ही रीत मोलाची वाटते.

अप्पांनीही यंत्र काठीच्या मुठीला सुतळीने बांधलं आणि दुसऱ्या पहाटे घाटाची वाट धरली. कुत्री आली. अप्पांनी दाबलं. पुढचं कुत्रं जागीच थबकलं, त्याने डोकं झटकलं आणि बाजूला झालं. बाकीची त्याच्यामागे गेली. अप्पा घरी परतले ते ताठ पाठीने. कितीतरी दिवसांनी त्यांनी माईंकडे दुसरा कप चहा मागितला. माणसाची भीती जाते तेव्हा त्याच्या चालण्यात फरक पडतो, आणि त्या सुटकेला कमी लेखायचं कारण नाही. म्हाताऱ्या माणसाला पहाटेचा रस्ता परत मिळाला होता.

पण त्या दिवसापासून अप्पांची नजर बदलली. बटण दाबलं की ते लाल दिव्याकडे बघायचे. दिवा लागला की काम झालं.

देवळाच्या पायरीवर पांढऱ्या नावाचं म्हातारं कुत्रं पडलेलं असे. एकदा वाटेत आडवं पडलं होतं म्हणून अप्पांनी दाबलं, पुन्हा दाबलं. ते हललंही नाही. “निगरगट्ट आहे,” असं म्हणून अप्पा वळसा घालून गेले. पांढऱ्याला घंटाही ऐकू येत नव्हती, हे पुजाऱ्याला ठाऊक होतं. अप्पांनी विचारलं नाही. नाल्याच्या कडेला दगडांच्या राशीत भुरी व्यालेली होती. ती गुरगुरली तसं अप्पांनी यंत्र तिच्याकडे रोखलं. भुरी दोन पावलं मागे सरली. मागे पिल्लं होती, तिथून आणखी मागे जायला जागाच नव्हती. ती दात विचकून अशी धावून आली की चहावाल्याने मध्ये बाकडं सरकवलं नसतं तर त्या दिवशीच दवाखाना गाठावा लागला असता. “डोकं फिरलंय तिचं,” अप्पा म्हणाले. दोन्ही वेळा दिवा व्यवस्थित लागला होता.

आणि मग काळ्या.

काळ्या गल्लीचाच. इथेच जन्मला, इथेच वाढला. नगरपालिकेने नसबंदी करून, रेबीजची लस टोचून परत आणून सोडलेला. त्याची खूण म्हणून एका कानाचा कोपरा कापलेला. झोपायला अप्पांचा ओटा. दूधवाले मामा आले की शेपूट हलवायचा, शाळेच्या पोरांच्या मधून चालत जायचा. भुंकायचा फक्त एकावर, पेपर टाकणाऱ्या पोरावर. पोरगा कॉलेजात शिकणारा, सकाळी दीडशे घरांची लाइन करून मग वर्गात जायचा. सायकल भरधाव, एक हात हँडलवर, दुसऱ्या हाताने पेपरची गुंडाळी ओट्यावर भिरकावली की पुढचं घर. सायकल वळणावर दिसली की काळ्या उठायचा आणि ती गल्लीच्या टोकाला जाईपर्यंत भुंकत राहायचा. जवळ कधी जात नसे.

“याला वळण लावू या,” अप्पांनी ठरवलं. खोक्यावर लिहिलेलंच होतं. रोज सकाळी ते ओट्यावरच्या खुर्चीत बसू लागले. सायकल आली, काळ्याने तोंड उघडलं की बटण. पहिल्या काही दिवशी काळ्या दचकायचा, भुंकणं अर्धवट तोडायचा. पुढे नुसता घशातल्या घशात गुरगुरायचा. त्यावरही अप्पांनी बटण दाबलं. महिन्याभरात गल्ली शांत झाली. सायकल येते, पेपर पडतो, काळ्या पायरीशी बसलेला असतो, तोंडातून आवाज नाही. शेजारच्यांनी कौतुक केलं. दोघांनी यंत्र रात्रीपुरतं मागून नेलं. पेपरवाला पोरगाही खूश होता. “अप्पा, तुमच्यामुळे सकाळ बरी जाते,” असं तो एकदा सायकल न थांबवता ओरडून गेला.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी त्याच्या सायकलची चेन नेमकी अप्पांच्या घरासमोर उतरली. तो खाली उतरला, वाकला. पेपरची गुंडाळी हातातच होती. काळ्या पायरीवरून उठला आणि एक शब्दही न काढता त्याने पोराची पोटरी धरली.

“अप्पा, त्यानं आवाजच दिला नाही,” पोरगा पुन्हा पुन्हा एवढंच म्हणत होता. “आधी भुंकायचा तेव्हा कळायचं तरी.”

गल्ली गोळा झाली. कुणी हळद आणली, कुणी चुना. शेजारच्या आशाताईंनी दोन्ही हातांतून काढून बाजूला ठेवलं. पोराला नळाखाली बसवलं आणि अंगाच्या साबणाने जखम धुवायला घेतली, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत पूर्ण 15 मिनिटं. “दुखतंय, पुरे,” पोरगा म्हणाला. “नाही पुरे,” त्या म्हणाल्या. मग रिक्षा करून सरकारी दवाखाना. लस त्याच दिवशी, नंतर तिसऱ्या, सातव्या आणि 28व्या दिवशी. रक्त आलं होतं म्हणून जखमेच्या आत आणि भोवती सीरमचं इंजेक्शनही. रेबीजची लक्षणं एकदा दिसू लागली की माणूस जवळजवळ वाचतच नाही. म्हणून कुत्रं ओळखीचं आहे, लस टोचलेलं आहे, असल्या भरवशावर थांबायचं नसतं. आशाताईंनी हे गल्लीला त्या दिवशी खणखणीत आवाजात सांगितलं, ते बरं केलं.

संध्याकाळी काळ्याचं काय करायचं यावर बैठक बसली. एकाने म्हटलं, पोत्यात घालून पसरणीच्या घाटात सोडून येऊ. दुसऱ्याने त्याहून वाईट सुचवलं. अप्पा खाली मान घालून बसले होते. एवढ्यात पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरबाई आल्या. त्यांना आशाताईंनीच फोन केला होता. कुत्र्याला मारणं हा गुन्हा आहे आणि लांब नेऊन सोडणंही नियमात बसत नाही, हे त्यांनी आधी सांगून टाकलं. 2023च्या नियमांप्रमाणे नसबंदी आणि लस झालेलं कुत्रं त्याच्याच भागात राहतं. ते हलवलं तर त्याच्या जागी परकी, लस न टोचलेली कुत्री येतात. मग म्हणाल्या, “दहा दिवस हा माझ्या नजरेखाली राहील. दहा दिवसांनी धडधाकट असला तर चावला तेव्हा त्याच्या लाळेत रेबीज नव्हता, असं धरायचं. पोराची लस मात्र कुणी मध्येच थांबवायची नाही. आता मला सांगा, हा आधी भुंकायचा ना?”

“भुंकायचा. मी बंद केलं,” अप्पांनी यंत्र त्यांच्यापुढे ठेवलं.

“बटण दाबायचात तेव्हा हा कुठे बघत असायचा?”

अप्पांना थोडा वेळ लागला. “त्या पोराकडेच.”

डॉक्टरबाईंनी यंत्र हातात घेऊन फिरवलं. “मग त्याच्या लेखी काय झालं बघा. रोज सकाळी हा पोरगा दिसतो आणि कानात कळ जाते. आवाज तुमच्या खुर्चीतून येवो नाहीतर आभाळातून, जनावर ज्याच्याकडे बघत असतं त्याच्याशीच त्या त्रासाची गाठ बसते. पाव्हलॉव्हने रशियात अन्नाआधी आवाज ऐकवला, पुढे नुसत्या आवाजाने कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटलं. इथे पोरापाठोपाठ त्रास आला, पुढे नुसत्या पोराला बघून त्याचं अंग ताठायला लागलं. भुंकून तो म्हणत होता, लांब राहा. ते म्हणायची तुम्ही बंदी केलीत. लांब राहावं असं वाटणं काही गेलं नाही, उलट वाढलं.”

“पण तो शांत बसायला लागला होता,” अप्पा म्हणाले.

“शांत म्हणजे कसा?”

अप्पांना सांगता येईना. त्यांनी ते पाहिलंच नव्हतं. तेवढ्यात कोपऱ्यातून नात म्हणाली, “तो सारखे ओठ चाटायचा, आजोबा. आणि झोप आली नसताना जांभया द्यायचा. पेपर पडला की तोंड फिरवायचा आणि डोळ्यांच्या कडेने बघायचा. डोळ्यांचं पांढरं दिसायचं.”

डॉक्टरबाईंनी तिला जवळ बोलावलं. “हे सगळं तू बघितलंस?”

“रोज.”

मोठ्यांनी भरलेल्या त्या ओट्यावर कुत्र्याकडे बघणारी एवढी एकच होती. ओठ चाटणं, जांभई, तोंड फिरवणं, कडेने बघणं, मग अंग ताठ आणि तोंड घट्ट मिटलेलं: भ्यालेलं कुत्रं चावण्याआधी इतक्या पायऱ्यांवरून सांगत येतं. यांच्या जोडीला आपल्याला ऐकू येणाऱ्या दोनच, गुरगुरणं आणि भुंकणं. त्या दोन मोडून टाकल्या की उरलेल्या फक्त डोळ्यांनी वाचाव्या लागतात.

“आणि अप्पा,” डॉक्टरबाई म्हणाल्या, “तुम्ही त्याला ‘हे करू नकोस’ म्हणालात. मग काय करू, ते सांगितलंत का? तो गप्प बसला तेव्हा भाकरीचा एक तुकडा तरी पुढे केलात?”

अप्पा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “आमच्या खात्यात लाइन जोडली म्हणजे काम झालं, असं लिहायची मुभा नव्हती. खांबावरून आपण टेस्ट द्यायची, आणि समोरून ‘हॅलो, ऐकू येतंय’ असं आलं की मगच खाली उतरायचं. मी इथे बटण दाबत गेलो, समोरून काय येतंय ते एकदाही ऐकलं नाही.”

“टेस्ट अजूनही देता येईल,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “वेळ लागेल.”

पोराच्या आईने पोराला या गल्लीत पाठवायला नकार दिला, आणि तिचं बरोबरच होतं. अप्पा तिच्या दारात जाऊन उभे राहिले, घडलं ते जसंच्या तसं सांगितलं, औषधाचे आणि बुडालेल्या दिवसांचे पैसे पुढे ठेवले. तिने औषधाचे तेवढे घेतले. त्यानंतर कितीतरी आठवडे गल्लीच्या तोंडाशी पेपरचा गठ्ठा अप्पाच उतरवून घ्यायचे आणि घरोघरी हातात द्यायचे.

काळ्या दहा दिवसांनी धडधाकटच होता. पोरगा पुढे आपणहून आला. डॉक्टरबाईंनी त्याला विचारलं तेव्हा एक गोष्ट कळली, जी इतकी वर्षं कुणाच्या ध्यानात आली नव्हती. भरधाव येणारा माणूस, वर गेलेला हात, हातातून सुटून थाडकन आपटणारी वस्तू. रस्त्यावर वाढलेल्या कुत्र्याने हे शंभरदा पाहिलेलं असतं, फक्त तेव्हा हातात दगड असतो. पेपर आणि दगड यांतला फरक त्याला कुणी दाखवलाच नव्हता.

तो आता दाखवायचा होता. पोरगा वळणावरच सायकलवरून उतरू लागला. पलीकडच्या कडेने, काळ्याकडे रोखून न बघता, थोडा आडवा वळून चालायचा. पेपर भिरकावायचा नाही, ओट्यावर ठेवायचा. काळ्या लांबून बघत असताना अप्पा पायरीवर भाकरीचा तुकडा टाकायचे. पोरगा दिसला की तुकडा, पोरगा गेला की काही नाही. काळ्याने ओठ चाटले, तर नात हात वर करायची आणि पोरगा तिथूनच मागे फिरायचा. अंतर कमी व्हायला उन्हाळा लागला. काही दिवस तर ते पुन्हा वाढवावं लागलं. मला वाटतं, असल्या कामाची खरी किंमत हीच असते की ते मध्येच मागे जातं आणि तेव्हाही माणूस चिडत नाही.

एका सकाळी पोरगा घाईत होता, पेपर हातात धरूनच थेट ओट्यावर चढला. काळ्या उठला आणि भुंकला. मोठ्याने, दोनदा. माई स्वयंपाकघरातून धावत आल्या. अप्पांनी त्यांना हाताने थांबवलं. “थांब, तो बोलला,” असं म्हणताना त्यांचा आवाज कापत होता. पोरगा दोन पावलं मागे आला, काळ्या खाली बसला.

यंत्र अप्पांनी फेकलं नाही. डॉक्टरबाईंनीही तसं सांगितलं नव्हतं. अनोळखी कुत्रं खरोखरच धावून आलं, तर काही पावलांवरून एकदा दाबायचं आणि ते थबकलं की त्याच्याकडे पाठ न करता हळूहळू बाजूला व्हायचं, पळायचं नाही. तेवढ्यापुरतं ते उपयोगी पडू शकतं. बहिऱ्या कुत्र्यावर चालणार नाही, व्यालेल्या कुत्रीवर उलटेल, पिसाळलेलं कुत्रं त्याने थांबेल असं समजायचं नाही. अप्पांनी काठीची सुतळी सोडली आणि यंत्र दाराआडच्या खुंटीला टांगलं.

पावसाळ्याच्या तोंडावर मागच्या गल्लीतले पिठाच्या गिरणीचे मालक आले. “अप्पा, ते मशीन दोन दिवस द्या. गिरणीपुढे एक तांबडा कुत्रा बसतो, परवापासून माणसं खेकसून लावतो. दळण घेऊन बायका यायला भितात.”

अप्पा खुंटीपर्यंत गेले आणि थांबले. “परवाच्या आधी खेकसायचा?”

“छे. वर्षभर तिथंच पडलेला असतो. पोरं अंगावर पाणी टाकतात तरी बोलत नव्हता.”

“कुणावरही खेकसतो, की जवळ जाईल त्याच्यावर?”

“ते काय बघितलं नाही बुवा.”

अप्पांनी यंत्र तिथेच राहू दिलं, चपला घातल्या आणि नातीला हाक मारली. गिरणीपुढे पोत्यांच्या सावलीत तांबडा बसला होता. अप्पा बरेच लांब, नळाच्या कठड्यावर टेकले. गिरणीमालक चुळबुळत उभे राहिले. बायका येत-जात होत्या, तांबडा कुणाकडे बघतही नव्हता. एकीची पिशवी त्याच्या अंगाजवळून गेली तसा तो वळून खेकसला आणि लगेच डोकं खाली घातलं.

“आजोबा, त्याचं डोकं वाकडंय,” नात म्हणाली. “एकीकडेच. आणि तो कान बघा, खाली पडलाय. माश्या बसतायत.”

तांबड्याने मागचा पाय उचलला, कानापर्यंत नेला आणि न खाजवताच कण्हत खाली ठेवला.

“याच कानावर मी मशीन धरणार होतो,” गिरणीमालक म्हणाले.

अप्पांनी खिशातून मोबाइल काढला होता. “डॉक्टरबाई, अप्पा बोलतोय. मागच्या गल्लीतल्या गिरणीपुढे या. कुत्र्याचा कान सडलाय बहुतेक, आत अळ्या असतील. हो, तोंड बांधायला पट्टी लागेल, जवळ गेलं की खेकसतो. तोपर्यंत बायकांना पलीकडच्या दाराने आत घेतो आम्ही.” मग गिरणीमालकांकडे वळून म्हणाले, “ते मागचं दार उघडा आधी. आणि पोरांना सांगा, आज याच्या अंगावर पाणी टाकायचं नाही.”